लॅमिनेट केलेला रिपोर्ट

माझ्या आईला सहीपुरतं लिहिता येतं. वाचायचं म्हटलं तर पोथीतली मोठी अक्षरं, तीही बोट ठेवून. पण एक इंग्रजी शब्द ती लांबूनही ओळखते, 'नॉर्मल'. माझ्या तपासणीच्या कागदावर तो तीन ठिकाणी छापलेला होता. नागपूरहून आम्ही तो कागद आणला त्याच आठवड्यात ती पांढुर्ण्याच्या बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेली आणि त्याला दोन्हीकडून प्लास्टिक लावून आली. फाटू नये, भिजू नये, हळदीकुंकवाचे हात लागले तरी पुसता यावं. मग तो रिपोर्ट शेताच्या कागदांसोबत लोखंडी कपाटात गेला. घरी कोणी बाई चहाला बसली की तो बाहेर यायचा.

"पाह्य वो बाई, माह्या पोराचं काहीच नाही. सब नॉर्मल हाय."

एवढं म्हणून आई स्वयंपाकघराकडे पाहायची. तिथं माझी बायको चहा गाळत असायची.

मी त्या वेळी काय करायचो? खाटेवर पेपर तोंडासमोर धरून बसायचो. आई, ठेव तो कागद आत, असं एकदाही म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं मला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी वर्गात पोरांना शंभर वेळा ऐकवली असेल. ती आपल्याला लागू असेल हे काही डोक्यात आलं नाही.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. बायको सौंसरची, कापूस आणि संत्र्याच्या घरातली, कामाला वाघ. मी पांढुर्ण्याच्या एका शाळेत अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवतो. माझ्या बापाची तिगावकडं संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. धाकटा भाऊ ती पाहतो. त्याचं लग्न आमच्यानंतर पाच वर्षांनी झालं आणि त्याच्या बायकोला दिवस गेले. त्या दिवसापासून आईनं एकच धोशा लावला, की धाकटीचं डोहाळजेवण होऊ दे, मोठीच्या माहेरच्यांना त्याच दिवशी बोलावू आणि काय तो निकाल लावू. निकाल म्हणजे काय ते घरातल्या मांजरालाही माहीत होतं. बायकोला सौंसरला पोचवायचं, सोडचिठ्ठीचे कागद करायचे, आणि माझ्यासाठी दुसरी पाहायची. वरूडकडची एक मुलगी आईच्या डोक्यात होतीही.

"अन् तू काय म्हणतं?" बायकोनं मला एकदा विचारलं होतं. अहो-जाहो करणारी बाई त्या दिवशी तू म्हणून गेली.

"मी काय म्हणणार? आईचं तसंच असते," मी म्हटलं. हे माझं उत्तर. पंधरा वर्षं पोरांना सरळ उत्तर लिहा म्हणून ओरडणाऱ्या मास्तरचं.

आता खरी गोष्ट सांगतो, जी मला माहीत होती आणि घरात कोणालाच नव्हती.

नागपूरच्या दवाखान्यात आम्ही दोनदा प्रयत्न केला. बायकोची अंडी काढायची, माझा शुक्राणू बारीक सुईनं आत सोडायचा आणि काचेत वाट पाहायची. दोन्ही वेळा पुढं काही झालं नाही. दुसऱ्या वेळचं काय झालं ते ऐकायला दिवाळीनंतर मी एकटाच गेलो, कारण बायकोला ताप होता. डॉक्टर मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. एक मोठा गोल आणि त्यात दोन छोटे गोल.

"हे एक तुमचं, हे एक त्यांचं," मॅडम म्हणाल्या. "अंडं फळलेलं आहे. आता या दोघांनी जवळ यायला पाहिजे आणि पेशीचे दोन भाग व्हायला पाहिजेत. पण दुसऱ्या दिवशीही हे असेच. तिसऱ्याही दिवशी असेच. मागच्या वेळीही हेच झालं होतं."

"मॅडम, मी बायोलॉजी शिकवतो," मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे. घाबरलेला माणूस आपली डिग्री पुढं करतो.

"मग तुम्हाला सांगणं सोपं आहे. सेंट्रोसोम शिकवता ना?"

शिकवतो ना! अकरावीला पेशीविभाजनाचा धडा आला की मी फळ्यावर मोठा गोल काढतो आणि त्याच्या दोन टोकांना दोन ठिपके देतो. ते ठिपके म्हणजे सेंट्रोसोम, आमच्या हिंदी माध्यमाच्या पुस्तकात तारककाय. पेशी विभागायची वेळ आली की एकाचे दोन होतात, दोन टोकांना जाऊन बसतात, तिथून धागे सोडतात आणि मधली गुणसूत्रं अर्धी इकडं, अर्धी तिकडं ओढली जातात. पोरांना सांगतो की हा बगिच्यातला मुकादम आहे. स्वतः एक संत्रं तोडत नाही, पण तो आला नाही तर वीस मजूर झाडाखाली बिड्या ओढत बसतील. पोरं हसतात, धडा संपतो.

"अंड्यात सेंट्रोसोम नसतो," मॅडम म्हणाल्या. "अंडं तयार होतानाच तो नाहीसा होतो. माणसाच्या पहिल्या पेशीला तो मिळतो बापाकडून. शुक्राणूच्या मानेत तो बीजासारखा असतो, आत गेला की अंड्यातला माल घेऊन मोठा होतो, धागे पसरतो आणि या दोन गोलांना एकत्र आणतो. तुमच्या बाबतीत तोच काम करत नाही, असं मला वाटतं. शंभर टक्के सांगता येत नाही, त्याची साधी टेस्ट नाही. पण अंडी चांगली होती. दोन्ही वेळा."

"पण माझा रिपोर्ट नॉर्मल आहे!" मी जवळजवळ ओरडलोच.

"त्यात संख्या मोजतात, पळतात कसे ते पाहतात, आकार पाहतात. मानेत काय आहे ते त्यात मोजत नाहीत."

मग त्या अगदी हळू म्हणाल्या की दुसऱ्याचा शुक्राणू घेऊन प्रयत्न करता येईल, नाव-गाव कोणाला कळत नाही, घरी जाऊन दोघांनी बोला. 

परतीच्या गाडीत काटोल गेलं, नरखेड गेलं, आणि मी एकच वाक्य घोकत होतो. घरी गेल्याबरोबर बायकोला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं. एवढंच. पूर्वी एकदा गोटमारीत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावांत होते त्या दगडफेकीत, जाम नदीच्या पात्रात सावरगावच्या बाजूनं आलेला दगड माझ्या कपाळाला लागला होता. चार टाके पडले, पण मी मागं पळालो नव्हतो. ती खूण आजही मी लोकांना कौतुकानं दाखवतो. तर असा मी शूर. घरी पोचलो तेव्हा दारात आई उभी होती आणि तिच्या मागं तापानं लाल झालेली बायको.

"काय म्हणे डाक्टरीन?" आईनं विचारलं.

आणि मी म्हटलं, "अंडी कमजोर आहेत म्हणे."

तोंडातून कसं निघालं मला आजही कळत नाही. म्हणजे कळतं. मला भीती वाटली. लोक काय म्हणतील याची, आईच्या चेहऱ्याची, दुसऱ्याचं बी या शब्दाची. त्या भीतीनं मी एका तापलेल्या बाईला उन्हात उभं केलं आणि स्वतः सावलीत बसलो.  तिनं फक्त भिंतीला हात लावला.

त्याच संध्याकाळी आईनं तिला देवापुढं बसवलं. आमच्याकडं नवस बोलला की आवडीची एक गोष्ट सोडतात, आणि मनातलं होईपर्यंत तिला हात लावत नाहीत. कोणी गूळ सोडतं, कोणी वांगं. आई म्हणाली, "तुले संत्रं लय आवडते ना? ते सोड. लेकरू झालं की पह्यली फोड लेकराच्या हातून खाजो." बायकोनं हात जोडले. संत्र्याच्या घरात जन्मलेली, संत्र्याच्या घरात दिलेली बाई. आमच्याकडं हिवाळ्यात पाणी मागितलं तर माणूस आधी संत्रं देतो. मी दारात उभा राहून पाहत होतो. त्या वेळी मी तोंड उघडलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. नाही उघडलं.

पुढचे तीन महिने माझे कसे गेले ते मलाच माहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. बायकोनं नुसतं "ऐका ना" म्हटलं तरी मी वह्या तपासायला काढायचो. ती सोमवार करायची, गुरुवार करायची, आणि घरात टोपलीभर संत्री असताना नजर चुकवून त्यांच्या बाजूनं जायची. एकदा धाकट्या जावेला संत्रं सोलून देताना मी तिला पाहिलं. सोलून झाल्यावर तिनं बोटं नाकापाशी नेली, वास घेतला, आणि मग साबणानं हात धुतले. मला तिथंच रडू आलं. पण मी काय केलं, तर मोटरसायकल काढली आणि शाळेत गेलो.

आणि शाळेत त्याच दिवशी तो धडा होता.

मी मोठा गोल काढला, दोन ठिपके दिले, मुकादम सांगितला. पोरं हसली. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. हुशार पोरगी, लोधीखेड्याहून रोज बसनं येते.

"सर, मी मोबाईलवर वाचलं. माणसाच्या अंड्यात सेंट्रोसोम नसतेच म्हणे. मंग पह्यल्या पेशीले तो भेटते कुठून?"

मी डस्टर टेबलावर असा आपटला की खडूचा धूर झाला.

"परीक्षेत येते का ते? नाही ना? मग बस खाली! चार ओळी मोबाईलवर वाचल्या की झाले हे शास्त्रज्ञ!"

 ती मुलगी बसली. मान खाली घालून वहीत रेघा मारत राहिली. पंधरा वर्षांत मला कोणी इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता, आणि मी तिला भर वर्गात झापलं. का, तर उत्तर मला येत होतं म्हणून.

फेब्रुवारीत डोहाळजेवण ठरलं. आईनं सौंसरला स्वतः फोन केला आणि बायकोच्या मोठ्या भावाला सांगितलं, "जेवाले या, अन् जेवण झालं का थांबजा. बोलाचं हाय." माझ्या बायकोला कोणी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. आदल्या दिवशी तिनं आपल्या दोन साड्या आणि लग्नातली पितळी करंडी एका पिशवीत भरून कपाटामागं ठेवली. मला ती दिसली.

"हे काय?"

"काही नाही. सामान."

"कोणाचं?"

"माह्यंच. दुसऱ्याचं कायले भरू?" ती म्हणाली आणि उद्याचे पाट मोजायला गेली.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उठून नर्सरीत गेलो, तर बाप वाफ्यात बसून पट्ट्या पाहत होता. इथं थोडं सांगावं लागेल. संत्र्याचं झाड बी पेरून करत नाहीत. आधी जंबेरी नावाच्या रानटी लिंबाचं रोप वाढवायचं, ते खुंट. मग चांगल्या संत्र्याच्या झाडाच्या काडीवरून एक कळी सालीसकट काढायची, तिला डोळा म्हणतात. खुंटाच्या सालीला काप देऊन डोळा आत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. डोळा जगला की तिथून संत्रं निघतं. माझा बाप ज्या झाडाचा डोळा, त्या रंगाची पट्टी बांधतो. लाल, निळी, पिवळी. मी कॉलेजात असताना एकदा एका ओळीतले सगळे डोळे वाळले, आणि माझं डोकं तर पहिल्यापासून गरम. मी रागानं दहा-बारा खुंट उपटून बांधावर फेकले, की हे खुंटच भिकार आहेत. बाप धावत आला. मारलं नाही, पण असा बोलला की ते माराहून वाईट.

"अबे, साऱ्या वाळल्या त्या निळ्या पट्ट्या हायेत. एकाच झाडाचे डोळे. खुंटाचा काय दोष? खुंट उपटाच्या पह्यले डोळा बदलून पाह्यत जाय."

उपटलेले खुंट त्यानं परत लावले होते. अर्धे जगले नाहीत.

त्या सकाळी मी बापाच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. सांगावं वाटलं. त्यानं वर पाहिलं आणि विचारलं, "आज काय करून राहिले बे तुमी लोक त्या पोरीचं?"

"आई म्हणते ते," मी म्हटलं.

"आई म्हणते," तो म्हणाला आणि परत पट्ट्या पाहायला लागला. माझ्याकडं परत पाहिलंच नाही.

अकरा वाजता अंगणात मांडव भरला. धाकट्या भावाची बायको फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली होती. ते दागिने माझ्या बायकोनं पहाटे चारपासून बसून ओवले होते. पुरणही तिनंच शिजवलं, झोपाळाही तिनंच सजवला. पुरुष अंगणाच्या दाराबाहेर खुर्च्यांवर. बायकोचा मोठा भाऊ माझ्याशेजारी बसला होता, हातात चहाचा कप, आणि चहा निवत होता तरी पीत नव्हता.

ओटी भरणं सुरू झालं. एकेक सवाशीण पुढं येई, हळदकुंकू लावी, नारळ आणि तांदूळ पदरात टाकी. माझी आई, मावशी, शेजारच्या, सगळ्या झाल्या. मग माझी बायको ताट घेऊन स्वयंपाकघरातून आली. डोक्यावर पदर, ताटात नारळ, तांदूळ, खण. मी दारातून पाहत होतो. झोपाळ्यापर्यंत ती पोचली आणि आईनं तिचं मनगट धरलं.

"तू राहू दे. तू भाताकडं पाह्य, लागून जाईन."

मोठ्यानं नाही म्हटलं. प्रेमानं म्हटल्यासारखं. पण सगळ्यांना अर्थ समजला. वांझेचा हात लागू नये. ताटातला नारळ घरंगळून कडेला आला आणि बायकोनं तो अंगठ्यानं अडवून धरला. ती आईकडं पाहत नव्हती. माझ्याकडंही नाही. तिचा भाऊ माझ्या शेजारून उठून उभा राहिला होता. त्याच्या गळ्याची शीर मला दिसत होती.

मी बायकांच्या मध्ये कसा गेलो ते आठवत नाही. चपला काढल्या नव्हत्या एवढं आठवतं, कारण मावशी ओरडली, "अरे, चपला!"

"आई, हात सोड तिचा."

"तू जाय ना बाहेर. बायाइचं काम हाय हे."

"सोड म्हणतो ना!" माझा आवाज फाटला. "तिचं काही नाही. माझं आहे. दोष माझा आहे."

आई हसली. खरंच हसली. "काहीबाही नको बोलू. रिपोर्ट हाय ना तुहा!" आणि बाजूला ठेवलेल्या कापडी पिशवीतून तिनं तो काढला. दुपारच्या बोलण्यासाठी सोबतच ठेवला होता. प्लास्टिक उन्हात चमकलं. "हे पाहा. नॉर्मल, नॉर्मल, नॉर्मल."

मग मी बोललो. वर्गात बोलतो तसा. सांगितलं की अंडं दोन्ही वेळा फळलं होतं. तिच्या अंड्यात काही कमी नव्हतं. फळल्यावर एका पेशीच्या दोन पेशी व्हायला पाहिजेत, दोनाच्या चार, तेव्हा लेकरू होतं. ते करणारा मुकादम बाईकडं नसतोच, देवानं दिलाच नाही. तो पुरुषाकडून येतो. माझ्याकडचा बिनकामाचा आहे. आणि या रिपोर्टात तो मोजतच नाहीत.

"अन् तू तं म्हणला होता अंडी कमजोर," आई म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता.

"खोटं बोललो."

"कोणासंग?"

"तुझ्यासोबत. तिच्यासोबत. सगळ्यांसोबत. तीन महिन्यांपासून मला माहीत आहे."

 मावशी पुटपुटली, "असं कुठं असते का बाप्पा, माणसाचं?"  आईनं तो रिपोर्ट दोन्ही हातांनी धरला आणि फाडायला लागली. प्लास्टिक फाटेना. तिनं ओढलं, पिळलं, दातात धरलं. मग ती खाली बसली, तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तो तसाच मांडीवर पडून राहिला. मला तिची कीव आली, खरं सांगतो. तिला तो शब्द मीच वाचायला शिकवला होता.

तेव्हा दारातून बापाचा आवाज आला. तो कधी येऊन उभा राहिला होता कोणास ठाऊक. सगळ्यांसमोर, बायकांसमोर, सौंसरच्या पाहुण्यांसमोर त्यानं मला विचारलं.

"मंग डोळा बदलून पाह्यला का?"

नर्सरीवाल्याचं बोलणं. आमच्याकडच्या प्रत्येक बाईला ते समजलं. 

झोपाळ्यावरची माझी भावजय अचानक बोलली. तशी ती लाजाळू. तिनं पदर पसरला आणि म्हणाली, "ताई, माही ओटी तुमीच भरा. राहू नका देऊ आता." बायको पुढं झाली. कुंकू लावलं, नारळ ठेवला, ओंजळभर तांदूळ टाकले.  ओटी भरून झाल्यावर तिनं ताट खाली ठेवलं, आत गेली, आणि कपाटामागची पिशवी घेऊन बाहेर आली.

"चाल दादा," ती भावाला म्हणाली.

"अगं, आता कशाला?" मी म्हटलं. मूर्खच मी. मला वाटलं होतं, खरं बोललो, आता सगळं निस्तरलं. शाबासकी मिळेल.

 उत्तर तिच्या भावानं दिलं. "जवाईबापू, तीन महिने तुमच्या घरी येऊन मान खाली घालून चहा पेलो आमी. आज राहू द्या." त्याचा कप खुर्चीखाली भरलेलाच होता.

सोमवारी मी वर्गात गेलो. फळ्यावर गोल काढला, आत दोन छोटे गोल, आणि लोधीखेड्याच्या त्या मुलीला उभं केलं. ती घाबरली. मी म्हटलं, "त्या दिवशी तू बरोबर विचारलं होतं, आणि मी उगाच ओरडलो. उत्तर असं आहे की तो बापाकडून येतो. तो नीट नसला तर लेकरू होत नाही, आणि बोल बाईला लागतो. हे परीक्षेत येत नाही. तरी लिहून घ्या." पोरांनी लिहून घेतलं. कोणी हसलं नाही. त्या मुलीनं एकदाच वर पाहिलं आणि परत वहीत घुसली.

आठवडाभर बायकोचा फोन नाही. मी केला तर तिची वहिनी उचलायची आणि म्हणायची, "शेतात हाय." रविवारी सौंसरची बस धरली. सासुरवाडीच्या बगिच्यात मृगाच्या बहाराचा माल निघत होता. झाडाखाली संत्र्यांचा हा मोठा ढीग, आणि दोन-तीन बाया माल वेगळा करत बसलेल्या, मोठा इकडं, बारीक तिकडं. त्यांच्यात ती. मला पाहून बाया उठून दुसऱ्या झाडाकडं गेल्या. ती बसून राहिली. हात चालूच.

मी उकिडवा बसलो. बस उशिरा आली, बाबा बरे आहेत, असं काहीतरी बोललो. ती ऐकत नव्हती.

"एक सांगा," ती म्हणाली. "आईनं मले देवापुढं बसवलं, संत्रं सोडाले लावलं. त्या दिवशी तुमाले मालूम होतं?"

"हो."

"मी हात जोडले तवा तुमी दारात उभे होते."

"हो."

"अन् तुमी पाहत राहिले."

"हो," मी म्हटलं.  मला किती वाईट वाटतंय ते तिला सांगायचा मला काही हक्क नव्हता.

तिनं हातातलं संत्रं मोठ्या मालात टाकलं. मग म्हणाली, "डोळा बदलाचा का नाही, ते मी ठरवन. तुमी नाही, आई नाही. अन् तुमच्या घरी याचं का नाही, तेही मीच ठरवन. अजून ठरवलं नाही."

"बरं," मी म्हटलं.

तिनं ढिगातलं एक संत्रं उचललं. चांगलं मोठं, पातळ सालीचं. अंगठा घालून सोललं, फोड मोकळी केली, खाल्ली आणि बी थुंकून टाकलं. दुसरी खाल्ली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, रस हनुवटीवर आला होता, आणि ती एकेक फोड नीट, सावकाश खात होती. मला विचारलं नाही, आणि मीही मागितलं नाही. शेवटची फोड संपल्यावर तिनं सालं माझ्या हातात ठेवली आणि दुसरं संत्रं घेतलं.